जितं झाड कुजत घातलं

जुलैचा तिसरा आठवडा. मुलुंडच्या काकांचा फोन, "अहो, घायपाताला पाणी कमी पडतंय का? पानं पिवळी पडलीत."

बाहेर चार दिवस धो धो पाऊस, आणि म्हणे पाणी कमी! तसाच निघालो.

गच्चीवर बागा करून देणं हा माझा धंदा. उन्हाळ्यात त्यांच्या इमारतीत टँकर येतो, म्हणून फेब्रुवारीत मीच सुचवलं होतं, गुलाब काढा, घायपात लावा. मूळचं मेक्सिकोचं झाड, पाणी पानांत साठवणारं, पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रंसुद्धा, रात्रीच्या गारव्यात उघडणारं. बारा कुंड्या लावल्या. मे महिन्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी, तरी झाडं ताठ. मी खूश.

वर जाऊन एका झाडाची मधली सुरळी धरून हलकेच ओढली. अख्खी हातात आली. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, सडक्या बटाट्यासारखा वास. पुढच्या आठ कुंड्यांत तेच. एक कुंडी उलटी केली तर आत लाल माती आणि शेणखताचा नुसता चिखल, तळाचं भोक बुजलेलं. गुलाबाला चालते तीच माती मी भरून दिली होती. चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात मी फक्त उन्हाळ्याचा हिशेब केला होता.

काकांच्या आई जिन्याच्या दारात उभ्या होत्या. साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. त्यांच्याकडे बांधावर घायपातच; वाख म्हणजे त्याच्या पानांतला दोराचा धागा.

"आमी वाख काढायला पानं पाण्यात कुजत घालायचो," त्या म्हणाल्या, "तुमी तर जितं झाडच कुजत घातलं."

काका हसले. मला हसू आलं नाही.

तीन कुंड्या तेवढ्या टाकीशेजारच्या पत्र्याखाली होत्या, त्या ठणठणीत. मेलेल्या झाडांच्या बुडाशी बोटभर पिल्लं होती, त्यातली सात घट्ट निघाली. काप सुकायला आठवडाभर सावलीत कोरडी ठेवायची, मग जाड रेती, खडी आणि विटेच्या तुकड्यांत लावायची, माती नावापुरती. पावसाळाभर पत्र्याखाली. पैसे अर्थातच मागितले नाहीत.

कापाकापीत पानांचा चीक हातांवर उडाला. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरतो. स्वतः मात्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो होतो. खाली उतरेपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे आणि आग.

आजींनी साबण पुढे केला. "बागा करता ना तुमी?"