तिथी बघून निघालो: हेदवी ते कुणकेश्वर, कॅमेऱ्यासोबत आठ दिवस

कोकणात फोटो काढायला मी बरीच वर्षं जातोय, पण नेहमी शनिवार-रविवार बघून. यंदा पहिल्यांदा तिथी बघून निघालो. कार्तिक वद्य अष्टमीला हेदवी, अमावास्येला कुणकेश्वर. मधले सगळे मुक्काम समुद्राच्या पाण्यानं ठरवले.

हिशेब किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-सव्वापाचला पूर्ण ओहोटी. थोडं पुढंमागं होतं, म्हणून त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघावंच. पण सहल कुठल्या आठवड्यात करायची हे ठरवायला एवढं पुरतं. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी लाट खडकावर फुटायला हवी असेल तर अष्टमी गाठा. ओल्या वाळूत आकाश उतरलेलं हवं असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमा.

पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर करत दुपारी हेदवीला पोचलो. उमा-महेश्वराच्या देवळामागं डोंगराच्या पायथ्याशी काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे, तीच बामणघळ. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि आत अडलं की सरळ वर उसळतं. मी साडेचारपासून ट्रायपॉड लावून बसलो. पाणी चढलं, घळ घुमायला लागली, पण फवारा माझ्या अपेक्षेच्या निम्माही उडेना. पलीकडे खडकावरून कालवं काढून परतणाऱ्या एक काकी थांबल्या. म्हणाल्या, "आज भांगाचं पाणी हाय बाबा, एवढंच उडायचं. उधाणाला ये." मी वेळेचा हिशेब केला होता, उंचीचा केला नव्हता. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो, तोच भांग. घळीचा खरा जोर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, आणि ती येते भर दुपारी, उभ्या उन्हात. म्हणजे प्रकाश आणि जोर एकत्र मिळत नाहीत. मी प्रकाश निवडला आणि अर्ध्या सेकंदाच्या शटरवर घळीतून परत वाहणारं पाणी टिपलं. आठ दिवसांतल्या आवडत्या फोटोंपैकी तो एक आहे.

इथं एक सांगतो, ते मनावर घ्या. घळीच्या कडेचा खडक कोरडा, करड्या रंगाचा असेल तिथंच उभं राहा. काळा आणि चकचकीत दिसला की तिथं शेवाळ आहे आणि लाट तिथवर येते. समुद्राकडं पाठ करून स्क्रीन बघू नका. कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, नुसत्या चपलांवर खडकावर जाऊ नका.

नवमीला तवसाळहून फेरीबोटीनं गाडीसकट जयगडला उतरलो आणि मालगुंडला राहिलो. पुढं आरे-वारेचा रस्ता. सगळे थांबतात त्या वरच्या वळणावरूनच मीही फोटो काढला, कारण उंचावरून भरती-ओहोटीचा फारसा फरक पडत नाही. एकादशी रत्नागिरीत कपडे धुण्यात आणि बॅटऱ्या चार्ज करण्यात गेली.

रत्नागिरीच्या दक्षिणेला मात्र वेळ हाताशी ठेवा. पावस, पूर्णगड, गावखडी, वेत्ये, कशेळी. नकाशात अंतर किरकोळ दिसतं, पण रस्ता वाडीवाडीतून, गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या मधून जातो. चाळीस किलोमीटरला दीड तास धरा. पेट्रोल रत्नागिरीत भरा, रोख पैसे ठेवा, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. खाणावळीत जेवायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवायचं. ऐनवेळी गेलात तर चूल विझलेली असते.

हा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं सकाळी समुद्रावर प्रकाश सपाट असतो. सकाळ सड्यासाठी, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारासाठी ठेवा. त्रयोदशीला पहाटे मी कशेळीच्या सड्यावर होतो. जांभ्यात कोरलेला हत्ती तिथं आहे, सुमारे १८ मीटर लांब. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. अंधारात पोचलो तेव्हा पायाखाली नुसता खडबडीत कातळ होता. सह्याद्रीच्या बाजूनं ऊन आडवं आलं आणि बोटभर खोल चरात सावली भरायला लागली. आधी पाठीची रेघ, मग पाय, मग पोटात कोरलेले लहान लहान प्राणी. वीस-पंचवीस मिनिटं ते सगळं स्पष्ट होतं. ऊन चढलं तसं पुन्हा कातळात मिसळून गेलं. नऊ वाजता येणाऱ्याला यातलं फारसं दिसत नाही, म्हणून उजाडण्याआधी पोचा. आणि रेषांवर पाय देऊ नका. कोन मिळत नाही म्हणून आत शिरणारे लोक पाहिलेत, जांभा झिजतो.

संध्याकाळी जवळच्या देवघळीच्या कड्यावर गेलो. कड्याच्या टोकाशी जाऊ नका. जांभ्याच्या कडा खालून पोखरलेल्या असतात आणि वरून ते कळत नाही.

चतुर्दशीला आंबोळगडला ओहोटीनं उघडे पडलेले खडक, त्यांच्यातली डबकी आणि चिटपाखरू नाही. दोन तास तिथून हललो नाही. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरची चकाकी कापणारी काच, फिरवला की डबक्याचा तळ दिसतो, परत फिरवला की आकाश.

अमावास्येला जैतापूरमार्गे देवगड ओलांडून कुणकेश्वर. साडेपाचला वाळू दूरवर उघडी होती, पाण्याचा पातळ थर तिच्यावर. मावळतीचं ऊन थेट देवळावर, आणि देऊळ खाली वाळूत उलटं. पावलं उमटली की तो आरसा मोडतो, म्हणून देवळासमोरून न जाता लांबून वळसा घालून पाण्याच्या कडेला पोचा. गाडी वाळूत अजिबात घालू नका.

रोज रात्री ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्यानं धुवा. मी हेदवीला आळस केला आणि तिसऱ्या दिवशी खालचा सांधा मिठानं असा धरला की कुणकेश्वरपर्यंत उघडला नाही. शेवटचा फोटो त्यामुळंच इतका खालून, गुडघे वाळूत टेकून काढलेला आहे.