बंद कूलिंगची गाडी ओपन करताना: झाकण कुठं बसतं ते आधी बघा

ऊन चढलं की जुन्या डिझेल जीपा आणि पिकअपवाल्यांची तक्रार ठरलेली असते, कूलंटची बाटली शिवणीवर तडकली. नवी बाटली लगेच मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. मग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात कुणीतरी म्हणतं, "ओपन करून टाक की." काम एका दिवसाचं आहे आणि नीट केलं तर टिकतंही. फक्त 'ओपन' या शब्दानंच बऱ्याच गाड्यांचा घात होतो.

ओपन म्हणजे बिनदाबाचं नव्हे. बंद पद्धतीत रेडिएटरला तोंडच नसतं. दाबाचं झाकण बाटलीवर असतं, आणि कूलंट त्या बाटलीतून सतत फिरत असतो. ओपन पद्धतीत तेच दाबाचं झाकण रेडिएटरवर किंवा वरच्या होजवर (इंजिनातून रेडिएटरकडं येणाऱ्या रबरी पाइपवर) येतं आणि बाटली साध्या हवेला उघडी राहते. तिच्यात फक्त फुगून बाहेर आलेलं पाणी जातं आणि इंजिन थंड झाल्यावर परत ओढलं जातं. दाब दोन्हीकडं लागतोच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, म्हणजे इथं साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणानं ०.९ बार दाब धरला की तेच पाणी ११८ अंशांपर्यंत तग धरतं. झाकण दाब धरत नसेल, तर घाटात वाफ होणारच.

हा बदल उगाच कुणाच्या तरी डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेतल्या जुन्या जीप चेरोकीला सुरुवातीला अशीच दाबाची बाटली होती आणि १९९१ च्या मॉडेलपासून कंपनीनंच रेडिएटरला झाकण देऊन पद्धत बदलली. त्याआधीच्या गाड्यांचे मालक तेव्हापासून हेच काम घरी करत आलेत. आपल्याकडं मात्र टर्बो कॉमन रेल इंजिन आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) असलेल्या नव्या गाडीला हात लावू नका. तिथले पाइप कंपनीनं हवा बाटलीतून निघेल अशा हिशेबानं फिरवलेले असतात.

काम काढण्याआधी बाटली का फुटली ते ठरवा. प्लास्टिक म्हातारं होऊन तडकणं वेगळं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, लीक होऊन दाब चढणं वेगळं. थंड गाडी चालू करा. मिनिटभरात, तापमानाचा काटा हलायच्या आत, वरचा होज दगडासारखा कडक झाला किंवा उघड्या तोंडात सलग बुडबुडे आले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. खात्री करायची तर टेस्टरच्या निळ्या द्रवातून वरची हवा ओढायची, गॅस असेल तर ते डिझेल गाडीत हिरवट पडतं, पेट्रोल गाडीत पिवळं. अशा गाडीला ओपन करून काहीही साधत नाही, आधी हेड उतरवा.

आता मुख्य गोष्ट. दाबाचं झाकण सगळ्या सिस्टिममध्ये सर्वांत उंच जागी हवं. बंद पद्धतीत बाटली मुद्दाम उंच बसवलेली असते, त्यामुळं रेडिएटर हेडपेक्षा खाली असला तरी चालून जातं. बाटली काढली की हवा हेडमध्येच अडकते. उंची नजरेनं ठरवू नका. गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब आणा. एक टोक रेडिएटरच्या वरच्या टाकीला, दुसरं थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणाऱ्या वालच्या) घराला लावा. गाडी सपाट जमिनीवर उभी हवी. रेडिएटर उंच निघाला तर झाकणाचं तोंड रेडिएटरलाच बसवा. थर्मोस्टॅट उंच निघाला तर वरचा होज कापून मध्ये तोंडाचा टी (टी आकाराचा नळीचा तुकडा) घालायचा आणि तो होजच्या सर्वांत वरच्या वळणावर आणायचा.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर भंगारातल्या रेडिएटरचं पितळी तोंड कापून वरच्या टाकीला डाग मारून (सोल्डर करून) घेता येतं. प्लास्टिक टाकीला हे जमत नाही, तिथं टी हाच मार्ग. टी लेथवर करून घेताना होजचं आतलं माप देऊन या, साधारण ३२ किंवा ३८ मिलिमीटर असतं. दोन्ही टोकांना कड उठवायला सांगा. गुळगुळीत नळीवरून गरम होज क्लिपसकट घसरतो, आणि तो घसरतो तो चढावरच.

झाकण विकत घेताना तोंड सोबत न्या. तोंडाच्या कडेपासून आतल्या बैठकीपर्यंतची खोली व्हर्नियरनं मोजा. तोंड खोल आणि झाकण आखूड असेल तर खालचं रबर बैठकीला टेकतच नाही. झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण दाब शून्य. झाकणाला रबरं दोन हवीत: खालचं दाब धरायला आणि वरचं तोंडाच्या कडेला, परत ओढताना हवा शिरू नये म्हणून. मधली छोटी पितळी चकती नखानं ओढून बघा, सुटल्यावर पटकन परत बसली पाहिजे. दाब मूळ झाकणाइतकाच ठेवा. १.१ बारचं घातलं की 'जास्त सेफ' होतं असं काही नाही, जुना हीटर कोअर (केबिनमधल्या हीटरचा छोटा रेडिएटर) आधी जातो.

पाइपांत सगळ्यात जास्त चुका होतात. बाटलीच्या तळाचा जाड पाइप पंपाच्या ओढीकडं जातो, तो बंद करायचा. रबरी टोपी घालून वेळ मारून नेऊ नका, ती उष्णतेनं चिरते. पितळी डमी (भरीव बूच) कडेसकट करून आखूड होजच्या तुकड्यात दोन ज्युबिली क्लिपांनी बसवा, किंवा फाटा नसलेला सरळ खालचा होजच घाला. हेडवरून किंवा रेडिएटरवरून बाटलीकडं येणारी बारीक हवेची नळी ही दुसरी गोष्ट. ती नव्या उघड्या बाटलीला जोडली की सगळा दाब तिथूनच निघून जातो, नवीन झाकण नुसतं शोभेला. ती नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा टीच्या दाबाकडच्या बाजूला, म्हणजे झाकणाच्या बैठकीच्या खाली, जोडायची.

नवी बाटली एक-दीड लिटरची पुरे. नऊ लिटरची सिस्टिम गरम झाल्यावर साधारण ४०० मिली बाहेर ढकलते. तोंडाच्या निपलपासून ६ ते ८ मिलिमीटरची नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या. थंड असताना पाणी एक तृतीयांश ठेवा, नळीचं टोक कायम बुडालेलं हवं. बाटलीच्या टोपीला बारीक भोक असू द्या. जुन्या बाटलीत लेव्हल सेन्सर असेल तर वायर उघडी टाकावी की जोडून टाकावी हे मल्टिमीटर लावून ठरवा. सेन्सरप्रमाणे बदलतं, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

भरताना कूलंट आणि बॅटरीचं डीएम (क्षार काढलेलं) पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, क्षार धरून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. जुना हिरवा आणि नवा नारिंगी एकत्र करू नका. गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली बसते, तेव्हा भर घाला. बुडबुडे थांबेपर्यंत झाकण लावायचं नाही. 'वाल', म्हणजे थर्मोस्टॅट, 'काढून टाका' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. थर्मोस्टॅटला बारीक भोक किंवा पिन असेल ती वरच्या बाजूला येऊ द्या, हवा तिथूनच निघते. मग दाब तपासायच्या हातपंपानं ०.९ बार भरून दहा मिनिटं थांबा. काटा उतरला तर गळती शोधा, गाडी बाहेर काढू नका.

पहिली फेरी कागलपर्यंत हायवेनं. गाडी पूर्ण थंड झाल्यावर बाटलीची खूण बघा, पाणी परत जागेवर आलं पाहिजे. मगच वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ, आणि लोड टाकून करूळ घाट वैभववाडीकडून. वर पोचल्यावर लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा.

थंड झाल्यावर वरचा होज चपटा पडलेला दिसला तर झाकणाची मधली चकती अडकलीय किंवा बाटलीची नळी दुमडलीय. बाटली भरत जाते आणि रेडिएटर रिकामा होतो, असं असेल तर वरचं रबर किंवा निपलची क्लिप हवा खातेय. ही क्लिप बहुतेक जण घालतच नाहीत, कारण तिथं दाब नसतो. दाब नसतो हे खरं, पण ओढ असते.