चार तासांची प्लेट

मागच्या आठवड्यात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि लोकल बंद, त्यामुळे परळच्या लॅबमधून घरी जायचा प्रश्नच नव्हता. माझा प्रयोग खरं तर तासाभराचा, उंदराच्या पेशी रात्रभर सीरमशिवाय उपाशी ठेवायच्या, मग ग्रोथ हार्मोन घालून ५, १५, ३० आणि ६० मिनिटांनी उचलायच्या. अडकलेच आहे तर म्हटलं अजून दोन प्लेटी २ आणि ४ तासांनी घेऊ. त्या ४ तासवालीचं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात असतात ते हार्मोन घातलेलं द्रावण, का कोण जाणे मी फेकलं नाही, ट्यूबमध्ये भरून फ्रीजला ठेवलं.

ब्लॉट (पेशीतली प्रोटीन्स फिल्मवर काळ्या पट्ट्यांसारखी दाखवणारी चाचणी) डेव्हलप केला तर १५ मिनिटांना फॉस्फो-स्टॅट५ चा, म्हणजे हार्मोनचा निरोप मिळून फॉस्फेट लागलेल्या स्टॅट५ प्रोटीनचा, बँड काळाकुट्ट, ६० ला फिका, ४ तासांना जवळपास गायबच. एकूण स्टॅट५ मात्र सगळ्या लेनमध्ये सारखं. मला वाटलं ३७ डिग्रीला इतका वेळ राहून हार्मोनच खराब झालं. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, मीडियम आहे ना तुझ्याकडे? मग ताज्या पेशींवर घालून बघ की."

घातलं, आणि काल तो ब्लॉट बघितला. बँड पहिल्याइतकाच काळा! म्हणजे हार्मोन ठणठणीत होतं, जुन्या पेशींनीच कानात बोळे घातले होते.

पेशीवरच्या रिसेप्टरला हार्मोन चिकटलं की जॅक२ नावाचं एन्झाइम चालू होतं, ते स्टॅट५ ला फॉस्फेट लावतं, स्टॅट५ केंद्रकात जाऊन जीन्स चालू करतं, आणि त्याच जीन्समधून सॉक्स नावाची प्रोटीन्स बनतात जी उलट येऊन रिसेप्टर आणि जॅक२ लाच आवरतात. शिवाय फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स आहेत, आणि पेशी रिसेप्टरसुद्धा आत ओढून मोडून टाकते. सॉक्स२ नसलेले उंदीर ३०-४० टक्के मोठे होतात हे २००० सालच्या पेपरात कितीदा वाचलं होतं, पण स्वतःच्या फिल्मवर हा ब्रेक लागलेला बघितला आणि अंगावर काटाच आला.

शरीरात हे हार्मोन सलग येत नाही, थांबून थांबून येतं, जास्त करून रात्री झोपेत, मधल्या वेळात पेशी परत तयार होत असणार. मी मात्र चार तास सलग ओतलेलं.

उद्या पेशी धुऊन १, २ आणि ३ तास विश्रांती देऊन परत हार्मोन घालायचंय, प्लेटी आजच लावून आलेय.