गवताच्या ठोंबाला टक्कल पडलं तेव्हा (तिसऱ्या वर्षाचं अपडेट)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझ्या बागेतल्या जुन्या फाउंटन ग्रासला (हे शोभेचं गवत) मधोमध टक्कल पडलं होतं, बाहेरून पाती हिरवीगार आणि आत बोट घातलं की नुसत्या वाळक्या काड्या कडाकड मोडायच्या. आधी वाटलं वाळवी, मग वाटलं पाणी कमी पडतंय, पण कसलं काय, ठोंब म्हातारा झालाय एवढंच. नवे फुटवे कडेकडेने येत राहतात आणि जुना गाभा मरतो, म्हणून ठोंबाचं नुसतं कडं उरतं.

मग थंडी सरता सरता, नवे कोंब दिसायच्या आत, पाती सुतळीने जुडीसारखी घट्ट बांधली आणि जमिनीपासून 15 सेंटीमीटरवर कापली. बांधूनच कापा बरं का, पहिल्या वर्षी मी मोकळंच कापलं आणि आठवडाभर काड्या वेचत बसलो. पुढचा प्रकार म्हणजे नुसती कुस्ती, फावडं आत शिरेचना, त्यावर उभा राहून उड्या मारल्या तरी ढिम्म, शेवटी लाकूड कापायची जुनी करवत काढली. तीन तुकडे निघाले, गाभा कंपोस्टमध्ये टाकला. दोन तुकडे जोरात फुटलेत, तिसरा मी शहाणपणा करून जरा खोल पुरला, तो बुडातून कुजला. फुटवे जिथून निघतात तो भाग जमिनीच्या लेव्हललाच हवा.

मिस्कँथस झेब्रिनसचं (हे दुसरं शोभेचं गवत, पातीवर आडवे पिवळे पट्टे असतात तो) मात्र पार वाट लावली मी. लाड म्हणून शेणखत आणि वर युरिया, झाला माणसाएवढा उंच आणि तुरे यायच्या आधीच चारी बाजूंना लोळला. नायट्रोजन जास्त झाला की पाती नुसती लुसलुशीत वाढतात, ताठपणा येत नाही, त्यात त्याला सावलीही होती. तसा हा जातीचाच लोळका, मिस्कँथसचाच दुसरा प्रकार, स्ट्रिक्टस, त्यामानाने सरळ उभा राहतो.

निळी फेस्क्यू (निळसर पातीचं बुटकं गवत) मजेत आहे. ते थंड हवेत वाढणारं गवत, तिला असं बुडातून छाटायचं नाही, हातमोजे घालून बोटांनी विंचरली की वाळकी पाती आपोआप निघतात.

झेब्रिनस आता उन्हात हलवलाय, खत बंद. सध्या सुतळीने कंबर बांधून उभा आहे, दिसतो अगदी केरसुणीसारखा.