शहरातलं आणि शिवारातलं फुलपाखरू एकाच घरात वाढवताना

बेळगाव शहरात टिळकवाडीतल्या आणि खानापूरकडच्या भातशिवारातल्या इव्हनिंग ब्राउन फुलपाखरांचे पंख वेगळे दिसले, म्हणून शहराने त्यांची जात बदलली असं ठरत नाही. पावसाळी पिढीच्या पंखांखाली ठळक ‘डोळे’, म्हणजे डोळ्यासारखे गोल ठिपके, असतात, कोरड्या दिवसांतली वाळक्या पानासारखी दिसते. कोणतं रूप येणार हे अळीपणीच्या तापमानावर बरंच अवलंबून असतं आणि शहर मुळातच उबदार. फरक वंशात उतरलाय का हे पाहायला दोन्हीकडची अंडी एकाच ठिकाणी वाढवावी लागतात.

दिवेलागणीला जास्त पिकलेल्या केळ्यावर माद्या सापडतात, बहुतेक आधीच मीलन झालेल्या. प्रत्येक मादी वेगळ्या जाळीत, भाताच्या रोपासोबत ठेवली. ही अंडी मात्र मोजणीला घेतली नाहीत. आईने सोसलेल्या उन्हाथंडीचा परिणाम अंड्यातून पुढे येतो, म्हणून एक पिढी घरातच काढून तिची पोरं चाचणीला घेतली. हा टप्पा कंटाळवाणा, पण गाळला तर सगळंच फुकट.

मग प्रत्येक कुटुंबाच्या निम्म्या अळ्या २७ अंशांना, निम्म्या २० अंशांना. उबदार बाजूला थर्माकोलचा डबा आणि थर्मोस्टॅट पुरतो. फक्त ऊब द्यायला उघडा बल्ब नको. तो रात्रीही पेटतो आणि दिवस लांबवतो. हीटिंग पॅड बरा. दिवे दोन्ही डब्यांत टायमरवर, १२ तास. चारा फवारणी न झालेल्या भाताचा. बांधावरच्या गवतावर फवारा उडालेला असला तर अळ्या मरतात. ओली विष्ठा रोज काढावी, डब्याचे पाय पाण्याच्या वाटीत, नाहीतर मुंग्या.

पंखांचा फोटो मोजपट्टीसह काढून डोळ्याचा व्यास पंखाच्या लांबीने भागला. लहान पाखराचे डोळेही लहानच असणार.

स्वीडन आणि फिनलंडमध्ये दोन जातींवर याच तऱ्हेने केलेलं काम २०२१ साली छापून आलं. तिथे शहरी अळ्या सुप्तावस्थेत, म्हणजे हिवाळ्यासाठी वाढ थांबवायला, ग्रामीण अळ्यांपेक्षा लहान दिवसाची वाट पाहतात. आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा आणि लहान दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक, म्हणून मी तापमान धरलं.

हिशेब करताना एका मादीची तीस पोरं म्हणजे एकच नमुना. आणि बेळगाव-खानापूर ही एकच जोडी. निपाणी, गोकाक, चिकोडीजवळच्या शिवारांसह आणखी जोड्या लागतील.