खाडा

दसरा जवळ आला की माझ्या रजिस्टरमधल्या नावांपुढे 'स्थलांतरित' लिहायची वेळ येते. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. भांडी, गोधड्या, लेकरं गाडीत चढतात आणि अर्धं गाव ऊसतोडीला निघतं, ते उन्हाळ्यातच परततं.

यंदा निघायच्या आदल्या रात्री गल्लीतली एक सून कार्ड घ्यायला आली. सातवा महिना. "जावंच लागतंय ताई, उचल घेतलीय." उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ती थांबली तर नवरा नुसता अर्धा कोयता, आणि उचल तर दोघांच्या नावावर.

फडात एक दिवस काम बुडालं की मुकादम खाडा लावतो. मजुरी जाते ती जाते, वरून दंड. मग दवाखान्यात कोण जाईल? अंगावरून पांढरं जातं, पाळीत कंबर धरते, कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, संडास नाही, पाणी नाही. बायका सगळं अंगावर काढतात. शेवटी कुणीतरी सांगतं, गर्भाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. माझ्या जावेची एकतिसाव्या वर्षी काढली. तेव्हापासून तिची हाडं दुखतात, घाम फुटतो, आणि मोळी तर उचलावीच लागते.

२०१९ मध्ये सरकारने आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींमागे एक. त्यानंतर पिशवी काढायला खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. नियम हवाच होता, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण ऑपरेशनपर्यंत बाई पोचते ती खाड्यामुळे, आणि खाड्याला हात कुणी लावला? तपासणीच्या दिवसाचा खाडा माफ, एवढं तरी लेखी करून घ्या, असं मी प्रत्येक बैठकीत बोलते.

त्या पोरीचा मागच्या आठवड्यात फोन आला. नववा लागलाय, अजून मोळ्या वाहते. तिकडचं आरोग्य केंद्र कुठं, तिला ठाऊक नाही. तिकडच्या आशाताईचा नंबर मिळवायला मला दोन दिवस लागले. ती बिचारी काल सिस्टरला घेऊन कोप्यांवर जाऊन आली. हिमोग्लोबिन आठ निघालं, म्हणजे अंगात रक्त कमी. उद्या दवाखान्यात न्यायचं ठरलंय.

उद्याचा खाडा कुणी भरायचा, ते अजून ठरलेलं नाही.