जीएम खाल्लं तर जीन पोटात मुक्काम करतो का?

जीएम, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या, सोयाबीनवर जेवढे प्रयोग वाचलेत त्यातला माझा सगळ्यात आवडता बर्गरवाला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी केलेला, २००४ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजी या जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी ७ माणसं अशी घेतली की ज्यांचं मोठं आतडं ऑपरेशन करून आधीच काढलेलं होतं, म्हणजे लहान आतड्यातून जे काही पुढे येईल ते सरळ पोटावर लावलेल्या पिशवीत. त्यांना जीएम सोयाचा बर्गर आणि सोयाचाच मिल्कशेक दिला आणि मग पिशवीत काय येतंय ते तपासत बसले. (रिसर्चमध्ये ग्लॅमर असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी नोंद घ्यावी.)

निघालं काय, तर जीएमचा तो जीन लहान आतडं पार करून जास्तीत जास्त ३.७ टक्के शिल्लक राहिला. मग आतडं शाबूत असलेल्या १२ जणांनाही तेच खायला घातलं, तर त्यांच्या विष्ठेत तो जीन अजिबात सापडला नाही. म्हणजे "पोटातलं ॲसिड सगळं संपवून टाकतं, चिंता नको" हे जे कंपनीवाले आणि त्यांचे मित्र सांगत असतात ते पूर्ण खरं नाही, आणि "तो जीन शरीरभर फिरतो" हे दुसऱ्या बाजूचं तर त्याहून लांबचं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या सातातल्या तिघांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांमध्ये हा जीन प्रयोग सुरू व्हायच्या आधीच अगदी थोड्या प्रमाणात सापडला, आधी कधीतरी खाल्लेल्या सोयातून आला असणार, आणि बर्गर खाल्ल्यावर ते प्रमाण काही वाढलं नाही. आता हा एकच पेपर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात, एक म्हणतो "बघा सापडला", दुसरा म्हणतो "बघा वाढला नाही", आणि दोघंही अर्धंच वाचून दाखवतात.

मुळात आपण रोज जे जे खातो, भात, पालक, मटण, काहीही, त्यात डीएनए असतोच. पालकाचे जीन खाऊन कोणी हिरवं झालेलं नाही. झाडाचा जीन बॅक्टेरियात जाऊन कामाला लागायचा तर आधी तो अख्खा टिकला पाहिजे, मग बाहेरचा डीएनए आत घेणारा बॅक्टेरिया तिथे पाहिजे, मग त्याच्या क्रोमोसोमशी जुळणारा काहीतरी भाग पाहिजे म्हणजे तो तिथे चिकटेल, मग तो चालू करणारा प्रमोटर बॅक्टेरियाला समजणारा पाहिजे (झाडाचा प्रमोटर बॅक्टेरियात सहसा नीट चालत नाही), आणि एवढं सगळं होऊनही त्या बॅक्टेरियाला त्याचा फायदा नसेल तर करोडोंच्या गर्दीत तो तसाच हरवून जातो. माझ्या मते सेफ्टीचा सगळा मुद्दा या शेवटच्या पायरीवर आहे. जीन जाईल का यापेक्षा, गेलाच तर त्याचा बॅक्टेरियाला फायदा होईल का, हे विचारायला हवं.

आणि इथे येतात मार्कर जीन. लॅबमध्ये कुठल्या पेशीत नवा जीन गेला ते ओळखायला सोबत एक अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन घालतात, म्हणजे अँटिबायोटिक टाकलं की बाकीच्या पेशी मरतात आणि हव्या त्या उरतात. काम झाल्यावरही तो झाडात तसाच राहतो. आता अँटिबायोटिक घेणाऱ्या माणसाच्या आतड्यात बॅक्टेरियाला नेमका हाच जीन उपयोगाचा!

आपल्या बीटी वांग्यात (कीड मारणारा बॅक्टेरियाचा जीन घातलेलं वांगं) असे दोन मार्कर जीन होते, एनपीटी-टू आणि एएडी. पहिल्याची मला फारशी काळजी नाही, तो मातीतल्या आणि आपल्या पोटातल्या बॅक्टेरियांत आधीपासूनच भरपूर आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ईएफएसएनेही २००४ मध्ये त्याला चालेल म्हटलं. एएडी मात्र स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा आणि त्याचा प्रमोटरही बॅक्टेरियाचाच, म्हणजे वर सांगितलेली एक पायरी आधीच चढलेली. ईएफएसएने त्याच वेळी या गटातले जीन बाजारात विकायच्या पिकात नकोत असं सांगितलं होतं. टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन वापरलेल्या देशात जेवणाच्या वांग्यात तो कशाला ठेवायचा? प्रत्यक्षात धोका बारीकच आहे, कारण एएडीही निसर्गात आहेच, पण काढता येणारी गोष्ट काढली नाही याला मी आळसच म्हणतो.

जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीचं हे वांगं, ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने (जीएम पिकं तपासणारी केंद्र सरकारची समिती) मंजूर केलं, मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ७ शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. बांगलादेशने मात्र तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं.

"बॅक्टेरियाचा जीन झाडात जाणं निसर्गात होतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट, उपासाचं रताळं. त्यात ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या बॅक्टेरियाचे जीन आहेत, निसर्गानेच कधीतरी घातलेले, २०१५ मध्ये तपासलेल्या लागवडीच्या सगळ्या २९१ जातींमध्ये सापडले. तरी एकादशीला कोणी लेबल मागत नाही. अर्थात यावरून सगळं जीएम सेफ असं सिद्ध होत नाही, प्रत्येक जीनचं वेगळं बघावं लागतं.

आता जीएम मोहरीला परवानगी द्यायची का, याचा वाद चाललाय. तिच्यातले बार्नेज आणि बारस्टार (संकरित बियाणं करायला घातलेले दोन जीन) मुळात मातीतल्या बॅसिलस बॅक्टेरियाचेच, ते परत एखाद्या बॅक्टेरियात गेले तरी तिथे नवीन काय होणार? तिथे मला जीन ट्रान्सफरपेक्षा बार जीन जास्त खटकतो, कारण त्याच्यामुळे पीक ग्लुफोसिनेट या तणनाशकाला टिकतं आणि एकदा पीक टिकतंय म्हटलं की तणनाशक शेतात किती पडेल याच्यावर कोण लक्ष ठेवणार.